भांडायला माणूस

आमच्या पडवीवर 'स्टुडिओ' अशी पाटी लागली तेव्हा दहिवलीतल्या लोकांना वाटलं, आता फोटो काढायला लांब जायला नको. पहिल्या आठवड्यात जे कोणी आले ते नवे कपडे घालून आणि केसांना तेल चोपडून आले. एक तर नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं. नवरी दाराच्या आड उभी आणि नवरा पुढे.

"फोटू काडायचाय," तो म्हणाला.

आम्ही फोटो काढत नाही, आम्ही डिझाइन करतो, असं मी सांगितलं. म्हणजे काय काढता, असं त्यानं विचारलं. मग मी सांगत सुटले. दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका, नाटकाचे पडदे, गणपतीचं मखर, तांदळाच्या पोत्यावरचे छाप, साड्यांचे काठ, खुर्च्या, कपाटं. तो सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाला, "येवडं सगळं काडता, आन फोटू तेवडा नाय काडत?"

आतल्या खोलीत माझा नवरा पोट धरून हसत होता, ते मला ऐकू येत होतं.

ही साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही दोघं मुंबईत एकाच कलाशाळेत, एकाच वर्गात शिकलो. लग्न झाल्यावर मुंबईत आम्हाला जी खोली परवडत होती तिच्यात एक टेबल ठेवलं की माणसं बाहेर काढावी लागली असती. कर्जतजवळ दहिवलीत पडवी, माजघर आणि मागे परसू असलेलं आख्खं घर भाड्यानं मिळालं. लाकडाची वखार जवळ, सुतार जवळ, आणि छपाईसाठी गाडीनं मुंबई गाठता यायची. नातेवाईक म्हणाले, सहा महिन्यांत परत याल. त्यांना खोटं पाडायच्या हट्टापायीच आम्ही पहिली दोन वर्षं काढली असतील.

एका वर्गातले असल्यामुळे मी त्याला अरे-तुरे करायची. लोकांसमोर 'अहो' म्हणायची, पण भांडण सुरू झालं की विसरायची. आणि भांडण रोज व्हायचं. ते कसं व्हायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमची कामाची एक पद्धत होती. काम आलं की दोघांनी वेगवेगळं चित्र काढायचं. त्यानं पडवीत बसायचं, मी माजघरात. काय काढतोय ते एकमेकांना दाखवायचं नाही, विचारायचं नाही. दोघांचं झालं की मधल्या दाराच्या दोन फळ्यांवर दोन कागद टाचायचे, डावीकडे त्याचा आणि उजवीकडे माझा. मग समोर पाट टाकून बसायचं आणि भांडायचं. मी त्याच्या चित्रातली खोट काढायची, तो माझ्या. जो उरेल तो कागद गिऱ्हाइकाकडे जायचा. कोण जिंकलं ते बाहेर कधी सांगायचं नाही, ही शपथ होती.

त्याचा हात हलका. चार रेघा मारायचा आणि बाकी कागद मोकळा सोडायचा. मी म्हणायची, "कागद विकत आणलाय, वापर की." माझं चित्र भरलेलं असायचं. वेल काढली तर पान आणि पान, पक्षी काढला तर पीस आणि पीस. तो म्हणायचा, "यात श्वास घ्यायला कुठे जायचं गं?" मग आवाज चढायचे. एकदा मखराच्या कमानीवरून इतकं वाजलं की शेजारची वयनी हातातलं भात निवडायचं सूप तसंच घेऊन धावत आली. आम्ही दोघी एकमेकींना वयनीच म्हणायचो.

"काय वो वयनी, पुना भांडान? सायबांना जेवाय घातलं नाय का?"

मी तिला सांगितलं की आम्ही कमानीवरून भांडतोय. ती कमानीकडे बघून म्हणाली, "दोनी चांगल्या हायत की. एक म्होरं लावा, एक मागं." आणि जाता जाता मला हळूच म्हणाली, "पर नवऱ्याला अरे म्हनू नको गं. लोकं नावं ठेवत्यात." भांडणाचं तिला काही वाटलं नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली.

मला आता वाटतं, आमचा संसार म्हणजे ते भांडणच होतं. आम्हाला मूल झालं नाही. सणावाराला नातेवाइकांकडे जाणं आम्ही कामाच्या सबबीवर टाळायचो. गावात ओळखी पुष्कळ होत्या, पण वेलीच्या पानावरून माझ्याशी तासभर वाद घालील असं दुसरं कोण होतं? रविवारी आम्ही कोंडाण्याची लेणी बघायला चालत जायचो. तिथल्या मोठ्या कमानीसमोर बसून दोघंही तेच काढायचो, आणि उतरताना रानातून भांडत यायचो. माझ्या आयुष्यात मी कधी एकटी नव्हते असा तेवढाच काळ आहे.

मग एका भातगिरणीचं काम आलं. गिरणी खालापूरच्या बाजूची. मालकाला पोत्यावर मारायचा छाप, गिरणीची पाटी आणि कॅलेंडर असं सगळं एका नमुन्याचं हवं होतं. आम्ही नेहमीप्रमाणे आपापल्या जागी बसलो.

त्या आधीच्या चार-पाच कामांत माझाच कागद उरला होता. तो काही बोलला नव्हता, पण भांडताना त्याचा आवाज पूर्वीसारखा चढत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून मी मनाशी ठरवलं की या वेळी त्याच्या धाटणीचं काढायचं. पोत्यावरचा छाप साधाच असावा लागतो, तिथे त्याचा हात जास्त शोभणार. त्याच्या खेळात मी उतरले की तो सहज जिंकेल, असा माझा हिशेब. मी भाताची एकच लोंबी काढली, वाकलेली, तीन रेघांत. बाकी कागद कोरा ठेवला. कोरा ठेवताना हात शिवशिवत होता.

दारावर कागद टाचले. माझ्या फळीवर ती लोंबी. त्याच्या फळीवर भाताच्या लोंब्यांची गच्च वेणी, मध्ये चिमण्या, कडेनं काठ, चिमण्यांच्या चोचीत दाणे. माझं चित्र. म्हणजे त्यानं काढलेलं माझं चित्र. मालकाला भरगच्च आवडेल, आणि हिलाही बरं वाटेल, म्हणून त्यानं ते तसं काढलं होतं.

आम्ही आधी खूप हसलो. पाटावरून पडायची वेळ आली. मग भांडायला बसलो तर भांडता येईना. मी लोंबीच्या बाजूनं बोलू लागले की मी त्याचीच बाजू घेत होते, आणि वेणीत खोट काढावी तर ती माझीच खोट. शेवटी तो उठून लोंबीपाशी गेला आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा माझं तूच चांगलं काढतेस."

हसत म्हणाला. मला वाटलं कौतुक केलं. मी आत जाऊन चहा टाकला.

त्यानंतर त्यानं कागदाला हात लावला नाही.

एकदम सांगून सोडलं असं नाही. आधी पाठ दुखते म्हणाला. मग वखारीत सागाचा चांगला माल आलाय, तो बघायला हवा, म्हणून जाऊ लागला. वखारीचे मालक हाजीसाहेब, बोलके आणि चहाचे शौकीन. त्यांच्याकडे त्याचा दिवस निघायचा. खुर्च्या, बाकं, कपाटं ही कामं तो बघू लागला. सुतारांना मापं दे, माल पोचव, गिऱ्हाइकांना भेट. मी म्हणायची, "अरे, या पत्रिकेचं काढ ना." तो म्हणायचा, "तू काढ, मी बघतो." मग बघेनासाही झाला. मी कागद पुढे केला की "छान आहे" म्हणायचा. 'छान आहे' हे दोन शब्द मला इतके लागतील असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

स्टुडिओ बंद पडला असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. उलट झकास चालला. कर्जत, खोपोली, नेरळ, सगळीकडून कामं येत होती. लोक म्हणायचे, नवरा-बायको कसे जोडीनं करतात बघा. दारात कुणी आलं की पहिला प्रश्न, "सायब हायत का?" मी म्हणायची, काय काम आहे ते मला सांगा. "नाय, सायब आले की येतो." आणि साहेब तिकडे वखारीत हाजीसाहेबांच्या बकरीचं बाळंतपण बघत बसलेले.

शेजारची वयनी मात्र खूश होती. एकदा कुंपणावरून पावटे देत म्हणाली, "आता कसं गोडीत चाललंय बगा. सुंठीवाचून खोकला गेला." मी पावटे घेतले आणि आत येऊन माजघरात रडले. दुसरं काय करणार होते? नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, घरात दोन शब्द गोड बोलत होता. तो माझ्याशी भांडत नाही अशी तक्रार घेऊन कोणाकडे जायचं?

आम्ही जेवायला समोरासमोर बसायचो. तो सागाच्या दराबद्दल सांगायचा, मी छापखान्याबद्दल. गाडीला घाट चढायला मागून इंजिन लावतात त्याचा आवाज लांबून यायचा आणि आमचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं. मग कधी कधी ते पुन्हा सुरूच व्हायचं नाही. मी त्याच्याकडे बघत बसायची. याला झालंय काय, हा रुसलाय की दमलाय, हे मला कळत नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही गं. तू आहेस ना काढायला." रुसला असता तर मी समजूत काढली असती. त्यानं अगदी मनापासून मला जागा करून दिली होती, आणि त्या जागेत मी एकटी उभी होते.

रविवारी मी कोंडाण्याला एकटी जाऊ लागले. वाटेत बायका विचारायच्या, "एकलीच गं?" मी म्हणायची, ते मागून येतायत. ती थाप पुढे सवयीची झाली.

आणि मग मी एक वेडेपणा सुरू केला. कधी, ते नक्की आठवत नाही. मी दोन कागद काढू लागले. माझा माजघरात बसून आणि त्याचा पडवीत बसून. पडवीत बसले की त्याच्यासारखा विचार करायची. त्यानं काय सोडून दिलं असतं, कुठे पेन्सिल उचलली असती. पहिल्यांदा हात अडखळायचा, मग सरावला. दोन्ही कागद दाराच्या दोन फळ्यांवर टाचायची आणि पाट टाकून भांडायची. मोठ्यानं. "अरे, इथे एवढा कागद कोरा कशाला?" "मग तुझ्यासारखा पानांचा बाजार मांडू?" "बाजार म्हणजे?" असं दोन्ही बाजूंनी मीच. भांडताना मला खरंच राग यायचा आणि बरं वाटायचं.

एके दुपारी वयनी डोकावली. "सायब आले का घरी? आवाज आला म्हनून बगाया आले." मी म्हटलं, आत्ताच गेले. तिनं पडवी बघितली, पाट बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि गेली. त्या दिवसापासून ती रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून येऊन बसायची. मला ते आवडायचं नाही. आता वाटतं, तिला माझ्याआधी समजलं असावं.

सत्तर साल उलटून गेलं होतं. खालापूरच्या बाजूला हमरस्त्यालगत एकामागून एक कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका लोखंडी नळ्यांच्या कारखान्यानं आम्हाला बोलावलं. फाटकावरची पाटी, कामगारांच्या जेवणघरातली बाकं आणि टेबलं, खिडक्यांचे पडदे, आणि त्या जेवणघराची एक लांबच लांब भिंत, तिच्यावर चित्र. एवढं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं. वाटणी आपोआप झाली. बाकं त्याची, म्हणजे तो वखारीत. बाकी सगळं माझं.

भिंतीसाठी मी दोन कागद काढले. माझ्या कागदावर भातशेतीचा आख्खा वर्षभराचा पसारा होता, रोपांसाठी राब भाजण्यापासून खळ्यापर्यंत. त्याच्या कागदावर नुसती लावणी. एका ओळीत वाकलेल्या बायका, प्रत्येकीला एक रेघ, आणि खाली पाण्याची एक आडवी रेघ. सगळ्या वाकलेल्या, मधली एकच कमरेवर हात ठेवून सरळ उभी. दारासमोर भांडण झालं आणि तो जिंकला. खोटं नाही सांगत, मी मनापासून माझ्या कागदाची बाजू घेतली होती. तरी तो जिंकला. मी रंगाऱ्यांकडून तेच भिंतीवर मोठं करून घेतलं. त्याला काही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर 'छान आहे' म्हणाला असता.

बाकं तयार झाली त्या दिवशी आम्ही टेंपोनं गेलो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि तो मागे बाकांवर, दोऱ्या धरून. पळसदरीपाशी एका खड्ड्यात टेंपो असा आदळला की मी मागे वळून ओरडले, "अहो, आहात ना?" तिकडून आवाज आला, "आहे, आहे."

कारखान्यात माणसं बाकं उतरवत होती. तो एक बाक स्वतः उचलून आत गेला आणि दारातच थांबला. मागचा माणूस "सायेब, सरका" म्हणत राहिला. त्यानं बाक तिथेच खाली ठेवला. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, आणि मधल्या बाईसमोर उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता हा ओळखेल. चिडेल, ओरडेल, माझा हात चोरलास म्हणेल. चार लोकांत भांडेल. मला तेच हवं होतं. मी तयार होते.

तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "हे माझं कधीचं गं?"

मी उत्तर जुळवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "कोंडाण्याला जायचो ना, तेव्हाचं. जुन्या कागदांत होतं."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी चेहरा हलू दिला नाही. विश्वास ठेवायचाच असला की माणूस पुढचं विचारत नाही. त्यानंही विचारलं नाही.

"तरीच," तो म्हणाला. "तेव्हा हात होता माझा."

इतक्यात कारखान्याचे मॅनेजर आले. भिंतीकडे हात करून म्हणाले, ही मधलीच बाई उभी का? आणि तो सांगू लागला. सगळ्या वाकलेल्या काढल्या तर बघणाऱ्याची पाठ दुखायला लागते, म्हणून एकीनं उभं राहायला हवं. ती आळशी नाही, ती पुढची ओळ बघतेय. पाण्याची रेघ तिच्या पायाशी थोडी तुटलीय, कारण ती आत्ताच उठलीय, पाणी अजून हललेलं आहे. जेवायला बसणाऱ्या माणसांसमोर अशी एक तरी बाई हवी जिला दोन मिनिटं विसावा मिळालाय. तो बोलत होता आणि हात हलवत होता. कित्येक वर्षांनी मी त्याला असं बोलताना बघत होते.

आणि त्यातलं एकही कारण चुकलं नव्हतं. मी पडवीत बसून, त्याच्यासारखा विचार करत, नेमकं हेच म्हणत ती रेघ तोडली होती.

परतताना तो पुढे माझ्याशेजारी दाटीवाटीनं बसला. घरी पोचेपर्यंत त्या भिंतीबद्दलच बोलत होता. रेघ आणखी थोडी बारीक हवी होती, रंगाऱ्यानं दुसरीची मान जाड केली. मी "हो" म्हणत होते.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तो वखारीत गेला नाही. पडवीतलं टेबल पुसलं, कागद मागितला. कर्जतच्या एका दुकानाच्या पाटीचं काम होतं. मी माजघरात बसले, तो पडवीत. दुपारी दाराच्या दोन फळ्यांवर दोन कागद लागले. त्याचा हात जड झाला होता, रेघ कुठे कुठे थरथरली होती, हे मला एका नजरेत दिसलं. मी ते बोलून दाखवलं. माझ्या आवाजात जोर आणायला मला प्रयास पडले नाहीत, इतकी वर्षं मी वाट बघत होते.

"रेघ थरथरलीय," मी म्हटलं. "हे चालणार नाही."

"तू मला रेघ शिकवतेस?" तो कडाडला. "त्या कारखान्याच्या भिंतीवर जाऊन बघ. ती कुणी काढलीय?"

तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. डोळे कसे लख्ख झाले होते. मी माझा कागद दारावरून उतरवला. पाटी त्याच्याच कागदावरून रंगवायची असं ठरलं. शेजारून वयनीनं विचारलं, "वयनी, सगळं ठीक हाय ना गं?" मी ओरडून सांगितलं, "भांडतोय!"

त्यानंतर वर्षानुवर्षं आम्ही भांडलो. कधी तो जिंकला, कधी मी. अडचणीत आला की तो त्या भिंतीचा दाखला द्यायचा, आणि मी हरायची. मला भांडायला माणूस हवा होता, तो मला मिळाला. पण भिंतीची ती गंमत, मी त्याचा हात कसा उचलला आणि त्यानं माझी तुटलेली रेघ कशी अचूक वाचली, हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. वयनीला त्यातलं काय कळणार? जगात ते कळेल असा एकच माणूस होता, आणि तो माझ्यासमोर पाटावर बसून पुढच्या कामासाठी पेन्सिलीला टोक काढत होता.